चार हजार वस्तू आणि आमचे रकाने

आमच्या कंपनीत किस्से साठायला खरं तर कारण नाही. वारज्यात चपलांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आम्ही बसतो आणि एका सिस्टीममधला डेटा दुसऱ्या सिस्टीममध्ये हलवतो. बँकेचा, विम्याचा, फार तर एखाद्या सोसायटीचा. त्यात हसण्यासारखं काय असणार? पण दीड वर्षापूर्वी आमच्याकडे एका म्युझियमचं काम आलं, आणि तेव्हापासून दुपारच्या चहाला बाकीच्या टीमचे लोक आमच्या टेबलाशी येऊन उभे राहतात. काही विचारत नाहीत. नुसते उभे राहतात. मग आम्ही सांगतो.

आम्ही म्हणजे मी, रेवती, आणि माझ्याबरोबर काम करणारा तौसीफ. म्युझियम पुण्याच्या गावभागातलं, जुनं, एका ट्रस्टचं. त्यांच्या जुन्या वेबसाइटच्या मागे एक सर्व्हिस, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, चालायची. तिला विचारलं की ती एकेका वस्तूची माहिती पाठवायची: नाव, साल, कोणी दिली, कुठे ठेवली. आमचं काम एवढंच, की तिथला कुठला रकाना नव्या डेटाबेसच्या कुठल्या रकान्यात जातो ते ठरवायचं आणि चार हजारांवर वस्तू नीट आत आणायच्या. तीन महिन्यांचं काम, असं मी साहेबांना लिहून दिलं होतं.

म्युझियमच्या बाजूनं आमच्याशी बोलायला आगाशेबाई होत्या. वस्तूंच्या नोंदी गेली सव्वीस वर्षं त्याच ठेवतात. आवाज चढवत नाहीत. त्यांना त्याची गरज पडत नाही.

*

पहिला डेमो. सर्व्हिस एका वेळी शंभर वस्तू द्यायची, मग पुढचं पान मागायचं, मग त्याच्या पुढचं. अशी एक्केचाळीस पानं. तौसीफनं रात्री आपोआप चालणारा जॉब लावला, सकाळी आकडा बघितला, चार हजार शंभर. बरोबर वाटला. आम्ही लॅपटॉप घेऊन थेट म्युझियम गाठलं.

स्क्रीनवर पहिली वस्तू आली, घोड्याच्या आकाराचा पितळी अडकित्ता. बाई खुश झाल्यासारख्या दिसल्या. मी खाली सरकत गेले. थोड्या वेळानं पुन्हा तोच घोडा. मग पुन्हा. तौसीफच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आमचा प्रोग्राम पुढचं पान मागतच नव्हता. पहिलंच पान त्यानं एक्केचाळीस वेळा आणलं होतं.

बाईंनी चष्मा वर केला, शांतपणे सगळे घोडे मोजले आणि म्हणाल्या, "आमच्याकडे असा एकच आहे. उरलेले चाळीस सोमवारपर्यंत आणून द्या."

*

त्यानंतर सालांचं प्रकरण. जुन्या नोंदींमध्ये कुठे इसवी सन, कुठे शके, आणि कुठे काय ते लिहिलेलंच नाही. आम्ही आपले आकडे उचलले आणि 'साल' या रकान्यात टाकले. महिन्याभरानं ट्रस्टींसमोर दाखवायचं होतं. सगळे ज्येष्ठ, चष्मे पुसून बसलेले. त्यातल्या एकांनी ग्रामोफोन उघडायला सांगितला, कारण तो त्यांच्याच ओळखीच्या घरातून आलेला. पितळी कर्णा, सुंदर फोटो, आणि खाली साल १८५०.

ते गृहस्थ विचारात पडले. मग हळूच म्हणाले, की त्यांच्या माहितीप्रमाणे त्या वर्षी ग्रामोफोनचा शोधच लागलेला नव्हता. नोंद शके १८५०ची होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे इंग्रजी १९२८. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात आगाशेबाई म्हणाल्या, "असू द्या. पुण्यात शोध लागायच्या आधीच सगळं माहीत असतं."

ट्रस्टी हसले, मीटिंग पार पडली. तौसीफ मात्र इतका घाबरला होता की त्यानं त्याच दुपारी शंका आली तिथे सगळीकडे अठ्ठ्याहत्तर मिळवून टाकले. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. एका शाळकरी मुलीनं भेट दिलेल्या भरतकामाच्या रुमालावर आता साल २०६३ दिसत होतं. बाई चिडल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की या रुमालासाठी काचेच्या कपाटात आतापासून जागा राखून ठेवायची का.

*

सालांचंच अजून एक. पण हे हसण्यासारखं कमी आहे.

बऱ्याच नोंदींमध्ये साल असं नसायचंच. 'बहुधा पेशवाईचा शेवट', 'बहुधा त्याहून जुने' असं लिहिलेलं असायचं. डेटाबेसला असलं काही चालत नाही, त्याला आकडा लागतो. मी दोन रकाने केले, लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी, आणि शब्द काढून टाकले. माझ्या मते काम नीटनेटकं झालं होतं.

बाईंनी एक समई उघडली, वाचली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यातलं 'बहुधा' कुठे गेलं?"

मी म्हटलं, मॅडम, तो शब्द सिस्टीमच्या दृष्टीनं जास्तीचा आहे. त्यांनी मला बसायला सांगितलं. त्यांच्या आधी या जागेवर जे गृहस्थ होते, त्यांनी त्या एका समईसाठी दोन वर्षं घालवली होती. पत्रं लिहिली, देवळं हिंडले, कासारांना भेटले. शेवटी खात्री झाली नाही, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे 'बहुधा' लिहिलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही ठाम आकडे घातलेत. म्हणजे त्यांना जे कळलं नाही, ते तुम्हाला वारज्यात बसून कळलं."

मी परत येऊन नवा रकाना केला. हो किंवा नाही, एवढंच उत्तर असलेला. त्याला काय नाव द्यायचं यावर आम्ही फार विचार केला नाही. आमच्या डेटाबेसमध्ये आज खरोखर 'बहुधा' नावाचा रकाना आहे. नवीन माणूस टीममध्ये आला की आधी टायपो समजून तो पुसायला निघतो.

*

एक दिवस तौसीफ घरून काम करत होता. त्याचे वडील रफिकचाचा कल्हईचं काम करायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. आता गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, आणि तसंही स्टीलच्या भांड्यांना कल्हई कोण करणार. तौसीफ 'उपयोग अज्ञात' लिहिलेल्या वस्तू तपासत होता. स्क्रीनवर लोखंडाची एक जाड नळी होती, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. नोंद अशी: 'धार्मिक उपकरण, प्रश्नचिन्ह. निमुळत्या टोकाला जळल्याच्या खुणा. होमहवनाशी संबंध असावा.'

चाचा पाण्याचा ग्लास घेऊन मागून चालले होते. ते थांबले. आधी खूप हसले, तौसीफ सांगतो, आणि मग खुर्ची ओढून शेजारी बसले.

दोन दिवसांनी आम्ही त्यांना म्युझियममध्ये घेऊन गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर जाकीट, खिशाला पेन. आगाशेबाईंनी कपाट उघडून वस्तू कापडावर ठेवली. चाचांनी हात लावायच्या आधी परवानगी मागितली. मग म्हणाले, "मॅडम, याला आम्ही भात्याचं तोंड म्हणतो. होमाचं नाही. रुंद बाजू भात्याला, बारीक बाजू भट्टीत."

बाईंनी विचारलं, की खात्रीनं सांगता येईल का. कारण आधीच्या नोंदीत होम लिहिलंय. चाचांनी पँट नडगीपर्यंत वर केली. तिथे एक जुना, गोल, गुळगुळीत डाग होता. त्यांनी नळीचं तोंड त्याच्याजवळ धरलं. माप जुळत होतं. म्हणाले, "हे तोंड गरम असतं, हे मला सहाव्या वर्षी कळलं."

बाईंनी तिथल्या तिथे खुर्चीवर बसून नोंद बदलली. होम काढला, प्रश्नचिन्ह काढलं, आणि माहिती देणारा म्हणून रफिकचाचांचं पूर्ण नाव घातलं. ते शुद्ध लिहिलंय का, ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

मग त्या त्यांना स्वतः धातूंच्या दालनात घेऊन गेल्या. चाचांनी तिथे तीन चुका काढल्या, बाईंनी तिन्ही लिहून घेतल्या. सगळं छान चाललं होतं. शेवटच्या कपाटाशी चाचा एका मोठ्या तपेल्यापुढे थबकले. आत डोकावून पाहिलं, त्यांचा जीव कळवळला. म्हणाले, कल्हई पार उडालीय, उद्या सामान घेऊन येतो, अर्ध्या तासात चकाचक करून देतो.

सव्वीस वर्षांत बाईंचा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो खालच्या तिकीट खिडकीपर्यंत गेला. "नको!"

*

जागेचा रकाना भरणं सगळ्यांत सोपं असेल, असं मला वाटलं होतं. दालन, कपाट, कप्पा. पण सर्व्हिसकडून जे येत होतं त्यात साठेक वस्तूंच्या पुढे जागा म्हणून लिहिलं होतं 'मामांना विचारा'.

नामदेवमामा म्युझियमचे शिपाई. लोणी काळभोरहून रोज दोन बस बदलून येतात. कुठली वस्तू कुठे आहे हे त्यांना पाठ. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, म्हणून बाईंना ती माहिती त्यांच्या डोक्यातून आमच्या रकान्यात हवी होती. आम्ही वही घेऊन मामांकडे गेलो. मामा म्हणाले, सांगतो की. चहा पाजला, पावसापाण्याचं बोलले, आणि काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तौसीफनं सरळ विचारलं, की मामा, काही चुकलं का आमचं? मामांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "समदं त्यात ल्हिल्यावर मी कशाला हाय?"

तौसीफनं त्यांना स्क्रीनजवळ बोलावलं आणि प्रत्येक नोंदीखाली एक रकाना दाखवला, 'जागा तपासणारा'. म्हणाला, इथे माणसाचं नाव लागतं, मशीनचं चालत नाही. साठ वस्तूंना तुमचं नाव लागेल, आणि तुम्ही गेल्यावरही ते निघणार नाही. मामांनी स्वतःचं नाव टाइप केलेलं बघितलं. मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला, घरी दाखवायला. मग उठले, आणि तीन दिवसांत साठच्या साठ वस्तू दाखवल्या.

काम झाल्यावर त्यांनीच आमची परीक्षा घेतली. म्हणाले, हस्तिदंती फणी कुठं हाय, बघा बरं तुमच्यात. मी पाहून सांगितलं, कपाट सात, वरून दुसरा कप्पा. मामा म्हणाले, चूक हाय. आम्ही सगळे वर गेलो, कपाट उघडलं. दुसरा कप्पा रिकामा. कपाट नऊमधून मामांनी फणी काढून हातावर ठेवली.

"मी सकाळीच हलवली," ते म्हणाले. "वस्तू हलती. हलवली की कुणी हलवली, कवा हलवली, ते बी ल्ह्या त्यात."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही तोपर्यंत फक्त जागा साठवत होतो, जागा बदलल्याचा इतिहास नाही. त्यासाठी आठवडाभराचं काम वाढलं. साहेबांनी विचारलं, ही नवी मागणी कोणाकडून आली? मी लिहिलं, क्लायंटच्या वरिष्ठांकडून.

*

वस्तू देणाऱ्यांच्या नावांचा किस्सा थोडक्यात सांगते, कारण आडनाव घेता येत नाही. पुण्यात दोन्हीकडचे लोक आहेत.

जुन्या यादीत एकेक माणूस चार तऱ्हांनी लिहिलेला होता, म्हणून आम्ही सारखी नावं एकत्र करणारा प्रोग्राम लिहिला. त्यानं ग. वि. अमुक आणि ग. वि. अमुक यांना एक केलं. पत्ताही एकाच गल्लीतला. वस्तूही सारख्या, दोन हुक्के. पुढे म्युझियमनं वस्तू देणाऱ्यांच्या घरी याद्या पाठवल्या, आणि एक वयस्कर बाई यादी घेऊन म्युझियममध्ये हजर झाल्या. एक ग. वि. म्हणजे गणेश विष्णू, त्यांचे आजोबा. दुसरे गजानन विष्णू, आजोबांचे सख्खे भाऊ. एका भिंतीवरून दोघांचं बिनसलं ते शेवटपर्यंत.

"हयातीत दोघं एका पंक्तीला बसले नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही एका ओळीत बसवलेत."

आम्ही तत्काळ दोघांना वेगळं केलं. आठवड्यानं त्या वयस्कर बाई पुन्हा आल्या. आता यादीत गजानन वर आणि गणेश खाली आले होते, आणि गणेश तर थोरले. आगाशेबाईंनी यादी हातात घेतली, पाहिली, परत दिली. म्हणाल्या, "बाराखडी आम्ही केलेली नाही."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, तौसीफ सांगतो. पण आज तो नाही.

प्रत्येक वस्तूला जुन्या सिस्टीममध्ये स्थितीचा एक आकडा होता. एक म्हणजे प्रदर्शनात, दोन म्हणजे कोठारात, तीन म्हणजे दुरुस्तीला. चार आकडा फक्त एका वस्तूला होता, आणि चारचा अर्थ कुठेच लिहिलेला नव्हता. बाईंना विचारलं. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. चार म्हणजे उसनी दिलेली. वस्तू होती भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, टोले देणारं. बाई नोकरीला लागायच्याही आधी, खडकवासल्याच्या बाजूच्या एका शाळेनं गॅदरिंगच्या नाटकासाठी ते नेलं होतं. शाळा केव्हाच बंद पडली. पण नेताना ज्या शिक्षकांनी सही केली होती, त्यांच्या घरचा पत्ता सहीखाली होता.

नव्या सिस्टीममध्ये एक सोय होती. उसन्या वस्तूची मुदत उलटली, की नाव-पत्ता घालून पत्र आपोआप तयार व्हायचं. ते चालतं का बघायला आम्हाला एक तरी नोंद हवी होती, म्हणून हीच वापरली. पत्र छापून आलं. 'आपणांकडे असलेली वस्तू कृपया परत करावी.' तौसीफ ते फाडणार होता. बाईंनी त्याच्या हातातून घेतलं, खाली सही केली आणि पोस्टात टाकायला मामांकडे दिलं.

आठ दिवसांनी आम्ही तिथेच बसलो होतो. दारात रिक्षा थांबली. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ उतरले, मांडीवरून एक मोठी वस्तू दोन्ही हातांनी उचलत. चादरीत गुंडाळलेली, वर सुतळी. मामा धावले, तर त्यांनी मामांना हात लावू दिला नाही. स्वतः आत आणून टेबलावर ठेवली, चादर सोडली. घड्याळ. काच स्वच्छ, लाकडाला पॉलिश. लंबक त्यांनी वेगळा काढून धुतलेल्या रुमालात बांधून आणला होता.

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, की सर, इतकी वर्षं हे तुमच्याकडेच होतं? ते म्हणाले, हो. शाळा बंद झाली तेव्हा सामानाचा लिलाव निघाला. त्यात हे जाऊ नये म्हणून त्यांनी घरी नेलं, कारण सही त्यांची होती.

"मग परत का नाही आणलंत?"

सरांनी खिशातून घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद काढला. नेतानाची पावती. बोट ठेवून एक ओळ दाखवली. 'संस्थेचे पत्र आल्यावर परत करावे.'

"पत्र आलं नाही," ते म्हणाले. "आता आलं."

बाईंनी त्यांना बसवलं, चहा मागवला. सरांनी चहा घेतला नाही, आधी लंबक अडकवला. घड्याळ भिंतीला लावून घेतलं, सरळ आहे का ते मागे जाऊन पाहिलं, किल्ली दिली, काटे लावले. बाईंना म्हणाले, आठ दिवसांची किल्ली आहे, डावीकडची टोल्यांची, उजवीकडची चालण्याची, दर रविवारी सकाळी द्यायची. दुसऱ्याची वस्तू आहे, आपल्याकडे बंद पडायला नको, म्हणून त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. बाईंनी त्यांना अगदी मवाळपणे सांगितलं, की सर, म्युझियमचा नियम आहे, इथली घड्याळं चालू ठेवत नाहीत, जुन्या यंत्राची झीज होते. सरांनी ऐकून घेतलं. मान डोलावली. वस्तू परत मिळाल्याची पावती मागून घेतली, घडी घालून त्याच खिशात ठेवली, आणि गेले. मी नोंद उघडून चारचा एक केला.

पुढच्या रविवारी काम संपवायला आम्ही म्युझियममध्ये होतो. दहा वाजता फोन वाजला. मामांनी उचलला आणि बाईंकडे दिला. समोरच्या माणसाचा आवाज इतका खणखणीत होता, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"किल्ली दिली का?"

बाईंनी भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "हो सर. आत्ताच दिली."